जहाजात न चढलेलं वाटण

इबूंच्या स्वयंपाकघरात जायफळ सापडायला मला तीन आठवडे लागले.

आम्ही नुकतेच सुराबायाला राहायला गेलो होतो. नवऱ्याची नोकरी जवळच्या सिदोआर्जोमधल्या एका कारखान्यात, आणि घर जुन्या वस्तीत, इबूंच्या घराच्या मागच्या अंगाला. इबू म्हणजे आई. तिकडे वयानं मोठ्या कुठल्याही बाईला इबूच म्हणतात, त्यामुळे तीन वर्षांत घरमालकिणीला मी दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नाही. त्या मला म्बाक म्हणायच्या, म्हणजे ताई. येताना मी वाईहून आईनं बांधून दिलेला गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि फोडणीचा गोल डबा आणला होता. ज्या बेटांच्या वासानं युरोपातली जहाजं अर्धी पृथ्वी ओलांडून आली, त्या देशातल्या बाईच्या घरी मसाल्यांची केवढी मांडणी असेल, हे चित्र मी विमानातच रंगवलेलं.

इबूंकडे मसाल्याचा डबाच नव्हता. कपाटात धण्यांची एक बरणी, पांढऱ्या मिऱ्यांची पुडी, मीठ आणि माडाच्या गुळाच्या वड्या. बाकी सगळं ओट्याखालच्या वेताच्या टोपलीत, आणि ओलं. बोराएवढे लाल कांदे, लसूण, आलं, हळदीचे ताजे कंद, कुलिंजनाचे गुलाबीसर कोंभ, गवती चहाचे पांढरे बुंधे, लिंबाची जोडपानं, मिरच्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तेरासी, म्हणजे जवळा आंबवून, कुटून, वाळवून केलेली गच्च वडी. टोपलीवर वाकलं की पावसात परसात गेल्यासारखा वास यायचा. लवंग दिसली नाही, दालचिनी दिसली नाही, आणि जायफळ तर नाहीच.

पुढं समजलं की मी चुकीच्या कप्प्यात शोधत होते. आपल्याकडे मसाला वेगळा आणि वाटण वेगळं, हे कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. मसाला वर्षाचा, उन्हाळ्यात कांडून ठेवायचा. वाटण आजचं, आजच संपवायचं. इंडोनेशियातही असे दोन शब्द आहेत: रेम्पाह आणि बुंबू. रेम्पाह म्हणजे लवंग, मिरी, जायफळ ही मसाल्याची वस्तू. बुंबू म्हणजे त्या त्या पदार्थासाठी जमवून वाटलेलं. इतिहासाची पुस्तकं भरली आहेत ती रेम्पाहनं. रोजचं जेवण मात्र बुंबूवर उभं आहे. जे वाळतं, हलकं असतं, दोन वर्षं जहाजाच्या पोटात टिकतं, त्याच्यासाठी लढाया झाल्या. जे ओलं आहे, दोन दिवसांत सुकतं किंवा सडतं, ते कुणाला नेता आलं नाही, म्हणून ते घरात राहिलं. इबूंची टोपली बघताना हे मला हळूहळू उलगडत गेलं, आणि एकदा उलगडल्यावर त्या देशाकडे दुसऱ्या कुठल्या बाजूनं बघताच येईना.

वाटायला इबूंचा दगडी चोबेक होता. काळ्या, बारीक छिद्रांच्या ज्वालामुखी दगडाची उथळ जड थाळी, आणि तिच्यावर उलेकान, शिंगासारखा वाकडा बत्ता. तो आपटायचा नाही. मूठ आडवी धरून मनगटानं पुढं-मागं रगडायचा, वरवंट्याचीच चाल, फक्त एका हाताची. वाईच्या घरी पाटा होता तोही काळ्या दगडाचाच. सह्याद्रीचा दगडही एके काळी लाव्हाच होता. त्यामुळे पहिल्यांदा चोबेकवर हात ठेवला तेव्हा त्याचा खरखरीत गारवा माझ्या तळव्याला ओळखीचा लागला.

क्रम ठरलेला. आधी मीठ, धणे आणि मिरी, दगड कोरडा असतानाच. मग भाजलेलं केमिरी. आपल्याकडे त्याला कुणी जंगली अक्रोड म्हणतात. तेलकट, पांढरट बी. कच्चं खायचं नाही, भाजूनच घ्यायचं. आपण वाटणाला दाटपणा यावा म्हणून खसखस किंवा खोबरं घालतो, तेच काम तिकडे केमिरी करतं. मग लसूण, मिरची, हळद. लाल कांदे सगळ्यांत शेवटी, कारण त्यांना पाणी सुटलं की बाकीचं दगडावर घसरायला लागतं आणि वाटलं जात नाही. मला वाटायचं झालं, की इबू बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन दुसऱ्या बोटावर घासायच्या आणि म्हणायच्या, "बेलुम हालुस, म्बाक." अजून मऊ नाही झालं, ताई. त्या लोकांच्या तोंडी सरळ नकार फार कमी. 'नाही'च्या जागी 'बेलुम', म्हणजे अजून नाही. मला तो शब्द फार आवडायचा. हात दुखत असायचे, पण अजून होईल अशी आशाही त्यात असायची.

वाटण तेलात पडलं की दुसरी परीक्षा. सुरुवातीला येतो तो कच्चा, उग्र दर्प, त्याला लांगु म्हणतात. तो जाऊन वांगी यायला हवी. वांगी म्हणजे सुगंध! तेल कडेनं सुटायला लागतं, रंग गडद होतो, गवती चहा आणि कुलिंजन नुसते ठेचून त्यात टाकलेले असतात, ते दरवळतात, आणि इबू मागं वळून न बघताच सांगायच्या, झालं. घड्याळ कधी नाही, नाकच. माझी आजीही 'कच्चा वास गेला की सांग' असंच म्हणायची.

बुंबूचे ढोबळ रंग तीन. पांढरा, म्हणजे कांदा-लसूण-केमिरी-धणे. त्यात मिरची गेली की लाल, हळद गेली की पिवळा. या तिन्हींवर जावामधले किती तरी पदार्थ चढतात. बालीत बासे गेनेप नावाचं भलंमोठं वाटण असतं, सुमात्रातल्या बातक लोकांचं आंदालिमान आपल्या तिरफळाच्या कुळातलं, तसंच जिभेला झिणझिण्या आणणारं. देश केवढा, बेटं किती, सगळं सांगत बसले तर माझा सुराबाया राहून जाईल.

जायफळ सापडलं ते असं. तिसऱ्या आठवड्यात मुलाला ताप आला. इबूंनी कोंबडीचं पातळ सूप केलं, गाजर, बटाटा, सेलरीची पानं घालून, आणि शेवटी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून औषधाची एक जुनी बाटली काढली. तिच्यात एकच जायफळ होतं, एका बाजूनं झिजलेलं. किसणीवर दोनदा फिरवून ते परत बाटलीत गेलं. या सूपला त्या सोप म्हणतात, डच शब्द. नंतर मी लक्ष ठेवून बघायला लागले. जायफळ कशात पडतं? सोपमध्ये. गोडसर काळ्या सोया सॉसमध्ये शिजवलेल्या सेमुरमध्ये, त्याचं नाव डच 'स्मोर'वरून आलेलं. बटाट्याच्या पेर्केदेलमध्ये, ते डच 'फ्रिकाडेल'. ज्यांनी जायफळ जहाजात भरून नेलं, त्यांच्याच पदार्थांच्या नावाखाली ते इबूंच्या कपाटात परत आलं होतं. मला हे कळलं त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

नावांचं तर वेडच लागलं. जायफळाला तिकडे पाला म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत 'फल'वरून गेलेला. आपण त्याला जायफळ म्हणतो, त्यांनी त्यातलं नुसतं फळ ठेवलं. मिरीला मेरिचा, आपल्या 'मरिच'चीच बहीण. मिरचीची गोष्ट याहून गोड आहे. मिरची अमेरिकेतून आली, सोळाव्या शतकात पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांबरोबर. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी. आपण नव्या आलेल्या फळाला मिरीवरून मिरची म्हटलं. जावात लांब मिरीची एक जात होती, आपल्या पिंपळीच्या नात्यातली, तिला चाबे म्हणत. त्यांनी नव्या फळाला चाबे हेच नाव दिलं, आणि जुन्या चाबेला आता 'चाबे जावा' अशी ओळख सांगावी लागते. दोन समाजांनी एकमेकांना न विचारता अगदी एकच युक्ती केली. आपल्या विड्यातलं कंकोळही मूळचं जावा-सुमात्राकडचं.

आणि लवंग. 'लवंग' हा शब्दच त्या बेटांकडून संस्कृतात आला असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. कालिदासाच्या रघुवंशात, सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात कलिंगाच्या राजाची ओळख करून देताना 'द्वीपान्तरानीतलवङ्गपुष्पैः' असं येतं. दुसऱ्या द्वीपांवरून लवंगेची फुलं आणणारे वारे. शाळेत हा सर्ग शिकताना द्वीपांतर हा शब्द मी नुसता पाठ केला होता. माझ्या मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून परत येताना एकदा तो आठवला, आणि वाटलं, अगं, तू त्या द्वीपांतरातच उभी आहेस.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंबोनला विमानानं आणि तिथून बोटीनं बांदाला गेलो. बांदा म्हणजे मुठीएवढ्या बेटांचा पुंजका, मधोमध समुद्रातून सरळ वर आलेला गुनुंग आपी, अग्नीचा डोंगर. कित्येक शतकं जगातलं सगळं जायफळ या पुंजक्यातून यायचं.

उंच केनारी वृक्षांच्या सावलीत जायफळाची झाडं असतात. फळ जर्दाळूसारखं, पिवळं. पिकलं की झाडावरच शिवणीवर उकलतं, आणि त्या फटीतून लाल रंग दिसतो, इतका लाल की मी आधी ते फूल समजले. बागेतल्या एका काकांनी टोकाला टोपली लावलेल्या लांब बांबूनं एक फळ काढलं आणि माझ्या हातावर उघडून ठेवलं. आत तकतकीत तपकिरी कवच, आणि त्याला जाळीसारखी घट्ट बिलगलेली ओली, मांसल, लालभडक जायपत्री. आपण दुकानात बघतो ती वाळून फिकट केशरी झालेली. कवचाच्या आत जायफळ. ओलं असताना वास येतो तो गोड नसतो, जरा राळेसारखा असतो. माझा मुलगा तान्हा असताना आईनं सहाणेवर बाळगुटी उगाळली होती, त्यात हेच होतं. सहाणेवरून त्याच्या जिभेपर्यंत जे आलं, ते इथल्याच झाडांच्या वंशाचं. मी ते फळ बराच वेळ हातात धरून राहिले.

या झाडांसाठी 1621 साली इथं जे झालं ते मला शांतपणे सांगता येत नाही. यान पीटरझोन कूननं डच कंपनीची फौज आणून बेटं घेतली. बांदाच्या 44 पुढाऱ्यांना, ओरांग काया म्हणत त्यांना, जपानी भाडोत्री सैनिकांकरवी मारण्यात आलं. सुमारे 15,000 वस्तीतले बेटांवर हजाराच्या आसपासच उरले, असं इतिहासकार मानतात. बाकीचे मारले गेले, उपासमारीनं मेले, गुलाम करून नेले गेले किंवा होड्यांतून पळाले. मग जमिनीचे 68 तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला दुसरीकडून गुलाम आणले. जायफळ कुठं रुजू नये म्हणून चुन्यात बुडवून विकायचे. शेजारच्या रून बेटावर इंग्रजांचा हक्क होता; 1667 च्या ब्रेडाच्या तहात तो त्यांनी सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं. ही गोष्ट लोक फार मजेनं सांगतात. बांदामध्ये उभं राहून ती मजेची वाटत नाही. पळालेल्यांपैकी काही केई बेटांवर पोचले. तिथल्या बांदा एली आणि बांदा एलात या गावांत आजही बांदाची भाषा बोलतात. खुद्द बांदामध्ये ती बोलली जात नाही.

त्या रात्री आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी वाढलं: तळलेली वांगी, त्यावर केनारीच्या दाण्यांचं दाट वाटण, आणि माशाचं आंबटसर पातळ सार. त्या साराला आंबटपणा जायफळाच्या फळाच्या गराचा. जायफळ स्वतः? ते विकायला, त्या म्हणाल्या. गराचं सार करायचं, साखरेत मुरवून वड्या करायच्या, आणि सावली देणाऱ्या झाडाचे दाणे वाटणाला. मी ताटाकडे बघत राहिले. चारशे वर्षं जग ज्याच्यामागं लागलं ते बी बाजूला ठेवून, त्या झाडाचं उरलेलं सगळं त्यांनी आपल्या चुलीसाठी राखलं होतं.

लवंगेचंही काही वेगळं झालं नाही. तेर्नाते, तिदोरे आणि आसपासच्या चार-दोन बेटांची ती. डचांना ती अंबोनच्या आसपासच हवी होती, म्हणून 1652 मध्ये तेर्नातेच्या सुलतानाशी करार करून बाकी बेटांवरची झाडं तोडली, आणि वल्ह्यांच्या मोठमोठ्या होड्यांची आरमारं फिरवून ती पुन्हा उगवली नाहीत ना हे बघत राहिले. शेवटी 1770 च्या सुमारास पियेर प्वाव्र या फ्रेंचानं माणसं पाठवून चोरून रोपं मॉरिशसला आणवली, तिथून पुढं ती झांझिबारला रुजली. मग जावात कुडुस गावी कुणीतरी तंबाखूत लवंग घातली. हाजी जमहारी नावाच्या माणसानं दम्यासाठी म्हणून हे केलं असं सांगतात. पेटल्यावर तडतडते म्हणून त्या सिगारेटचं नाव क्रेतेक. आज देशातली बहुतेक लवंग त्या धुरात जाते, आणि विसाव्या शतकात एक काळ असा होता की तेवढ्यासाठी इंडोनेशिया झांझिबारची लवंग विकत घेत होता. सुराबायाच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हा गोड वास असतो. मला धुराचा त्रास होतो, तरी त्या वासानं मला प्रत्येक वेळी गोविंदविडा आठवायचा.

पण ये-जा एकाच दिशेनं होती असं म्हटलं तर इबूंच्या धण्यांच्या बरणीवर अन्याय होईल. धणे तिथले नाहीत. तरी लसूण, धणे आणि मीठ वाटून त्या पाण्यात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, बुडवून तळणं, याहून जावानीज काही नाही. पश्चिमेकडून व्यापारी आले, येताना कापड आणलं, जाताना लवंग-जायफळ नेलं. गुजरातचे पटोळे तिकडच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले. तोमे पिरेश हा पोर्तुगीज 1512 ते 1515 मलाक्कात होता. तिथं व्यापाराला येणाऱ्या लोकांची यादी त्यानं लिहून ठेवली आहे. तिच्यात गुजरात्यांच्या लगेच पाठोपाठ चौल, दाभोळ आणि गोव्याचे लोक आहेत. चौल आणि दाभोळ! ती ओळ वाचल्यापासून सुराबायाच्या पाबेआन बाजारात कांद्या-लसणाच्या राशींमधून जाताना मला परकं वाटेनासं झालं. बाजाराच्या पलीकडेच आंपेलची अरब वस्ती, तिथल्या मटणाच्या गुलाईत मात्र खडा मसाला भरपूर.

माझ्या विचाराला छेद देणारा एक पदार्थ आहे, तोही सांगायला हवा. रेंदांग. सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचा. ओलं वाटण, नारळाचं दूध आणि मांस तासन्‌तास मंद आचेवर. आधी पातळ गुलाई, मग दाटसर कालियो, मग दूध आटून तेल सुटतं आणि वाटण त्याच तेलात काळपट परतून निघतं. असं रेंदांग कित्येक दिवस टिकतं. मिनांग पुरुषांची रीतच घर सोडून नशीब काढायला जायची, तिला मेरांताउ म्हणतात. त्या वाटेवर टिकावं असं हे खाणं. म्हणजे एक ओलं वाटण प्रवासाला निघालं खरं, पण आपल्याच माणसांच्या शिदोरीत.

इबूंचा हात मात्र खुलायचा रावोनला. काळंभोर गोमांसाचं सार, पूर्व जावाचं. मी त्यातलं मांस खात नसे, म्हणून माझ्यापुरतं त्या त्याच बुंबूचं कोंबडीवर करायच्या. काळा रंग येतो क्लुवेकचा. क्लुवेक ही एका जंगली झाडाची बी, मूळची विषारी. उकडून राखेत आणि मातीत चाळीसेक दिवस पुरून ठेवली की विष जातं आणि आतला पांढरा गर डांबरासारखा काळा, मऊ होतो. घ्यायची ती कानाशी हलवून. खुळखुळली की वाळलेली, चांगली. इबू ओट्यावर बसून उलेकानच्या एका ठोक्यानं कवच फोडायच्या, चमच्याच्या टोकानं गर उकरायच्या आणि प्रत्येक बी जिभेच्या टोकाला लावून बघायच्या. प्रत्येक. एक कडू निघाली तर सगळं पातेलं वाया. पाचातली एखादी त्या भुवया आक्रसून बाजूला टाकायच्या. चांगल्या बीची चव मला सांगता येत नाही, ऑलिव्ह, कोको, भिजलेली माती, यांच्यामध्ये कुठंतरी. शेवटच्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच बी माझ्याकडे सरकवली आणि चाखायला सांगितली. मी म्हटलं, चांगली आहे. त्यांनी ती पुन्हा न चाखता चोबेकमध्ये टाकली.

आम्ही परत आलो त्या पाडव्याला वाईला श्रीखंड होतं. चक्का पुरणयंत्रातून काढून झाला होता, आणि आई सहाण घेऊन बसली होती. मी तिला बांदाचं सांगत होते, लाल जायपत्री, विकलेलं बी, गराचं सार, 1621. ती उगाळता उगाळता थांबली. जायफळ उलटं करून झिजलेली बाजू तिनं उजेडाकडे धरली.

"मग आता त्यांचं त्यांना मिळतंय का गं?" तिनं विचारलं.

"विकतात, आई. पैसे त्यांचेच येतात आता."

"आणि खातात?"

मी तिला पुन्हा वांग्यावरच्या केनारीच्या वाटणाचं सांगितलं, या वेळी कसं करतात तेही. केनारीऐवजी इथं काय घालता येईल, यावर ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग सहाणेवरचं बोटानं निपटून चक्क्यात घातलं, जायफळ पदराला पुसलं आणि डबीत ठेवून दिलं.